भाता नसलेली पेटी

पियानोच्या वर्गात नाव घातलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणारा विद्यार्थी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. हा विद्यार्थी म्हणजे माझे वडील, अण्णा. चौकशीला बसलेल्या मुलीला वाटलं, आम्ही कुठल्यातरी नातवंडासाठी आलोय. "मुलाचं वय काय?" तिनं विचारलं. मी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी काठी जमिनीवर आपटली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर काय ऐकायला लागणार ते मला तिथंच कळलं.

पियानोची मला हौस वगैरे नव्हती. विमा कंपनीच्या ऑफिसात जन्म काढून कीबोर्ड बडवल्यावर आणखी एक कीबोर्ड कुणाला हवा असतो? मला एवढंच हवं होतं, की अण्णांनी पुन्हा काहीतरी वाजवावं.

अण्णा पेटी वाजवायचे. परळ-लालबागच्या चाळींमधून तेव्हा गायन पार्ट्या होत्या, त्यातल्या एका पार्टीचे ते पेटीमास्तर. दिवसा गिरणी, आणि गिरणी बंद पडल्यावर इस्पितळात वॉर्डबॉयची नोकरी. संध्याकाळ मात्र पार्टीची. भीमजयंती, लग्न, बारसं, मयतानंतरचं पुण्यानुमोदन, काही असो, अण्णांची पेटी आधी पोचायची आणि स्वयंपाकाचे भटारी नंतर. आमच्या चाळीत त्यांच्या पेटीशिवाय कुणाचं नाव ठेवलं गेलं नाही आणि कुणाला निरोपही दिला गेला नाही.

पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर चालतो आणि डावा हात मागचा भाता हलवतो. बघणारे सगळे उजव्या हाताकडे बघतात. अण्णांचा डावा हात बघण्यासारखा होता. दोन पार्ट्यांचा सामना लागला आणि आमचा गायक दमला, की अण्णा भाता असा काही भरायचे की पेटीच पुढचं कडवं ओढून न्यायची. गायकाला दम खायला सवड मिळायची आणि समोरच्या पार्टीला कळायचंही नाही. "उजव्या हातानं काय, कुणीही वाजवतो," ते म्हणायचे. "डावा हात म्हणजे पेटीचा श्वास. तो कुठं घ्यायचा ते शिकवता येत नाही."

काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला. पाय सुधारला, जीभ सुधारली. जीभ तर जरा जास्तच सुधारली. हात मात्र तसाच राहिला, मूठ अर्धी मिटलेली, कोपर अंगाला चिकटलेलं. फिजिओथेरपीवाला रबरी बॉल देऊन गेला. तो बॉल अण्णांनी एके दिवशी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला.

पेटी दिवाणाखाली गेली, आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेली. आई असती तर तिनं काहीतरी बोलून त्यांना बसवलं असतं. माझ्यात तेवढी अक्कल नाही, मी सरळ उपाय शोधत जाते. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही उजव्या हातानं वाजवा, भाता मी भरते. सोपं आहे की! एका रविवारी बसलो. मी जोरात ढकलला तर पेटी भोकाड पसरायची, हळू ढकलला तर ओळीच्या मध्येच तिचा घसा बसायचा. अण्णा एक ओळ पुढं जायचे आणि थांबायचे, पुन्हा एक ओळ आणि पुन्हा थांबायचे. "अगं, कुठं ढकलतेस? इथं शब्द संपला कुठं?" मीही चिडले. "तुमच्या मनात शब्द कुठं संपतो ते मला काय माहीत?" शेवटी त्यांनी उजव्या हातानं पेटी बंद केली. "श्वास एकानं घ्यायचा आणि गायचं दुसऱ्यानं," ते म्हणाले, "असं कधी झालंय का?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग थंडीच्या दिवसांत एकदा जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं. "जयंतीच्या आधी पेटी विहारात देऊन टाकू. पोरं शिकतील तरी. इथं उंदीर भाता कुरतडतील."

"अकराव्या मजल्यावर कुठले उंदीर?"

"उंदरांना लिफ्ट लागत नाही," अण्णा म्हणाले आणि ताटातल्या भाताला हात घातला.

आमची चाळ पाडून तिच्या जागी जो टॉवर उभा राहिला, त्यात आम्ही आता राहतो. चाळीत अण्णा पेटीवर नुसतं बोट ठेवायचे तर गॅलरीत चार माणसं येऊन उभी राहायची, एखादी बाई "मास्तर, ते कालचं म्हणा की" म्हणायची. टॉवरमध्ये दारं लागलेली असतात. झटका आल्यापासून अण्णा दिवसाचे तासन् तास त्या लागलेल्या दाराकडे तोंड करून बसायचे. पेटी घरातून गेली की या माणसाकडे वाट बघायलाही काही उरणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जयंती एप्रिलात. हाताशी थोडे महिने होते.

दादरला फुलं घ्यायला गेले असताना एका शाळेच्या भिंतीवर पाटी दिसली. पियानोचा ग्रुप क्लास, दर शनिवारी, नवशिक्यांसाठी, वयाची अट नाही. मी शेवंतीची पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले. पियानोला भाता नसतो! पट्ट्या तशाच, काळ्या-पांढऱ्या, पण श्वास घ्यायची भानगड नाही. एवढी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मला इतका आनंद झाला की पुढच्या फुलवाल्याशी घासाघीस करायची राहून गेली.

अण्णांना सरळ सांगितलं असतं तर ते आले नसते. मी म्हटलं, मला शिकायचंय, पण या वयात एकटीनं जायची लाज वाटते, तुम्ही सोबत चला. लग्न न झालेल्या मुलीचा एवढा एक फायदा असतो, बापाला सोबत मागता येते. ते कुरकुरत तयार झाले. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "माझंही नाव घालणार आहेस ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वर्गात पाय ठेवल्यावर मला वाटलं, आपण चुकून टायपिंगच्या क्लासला आलो. दोन रांगांत डिजिटल पियानो मांडलेले, प्रत्येकासमोर एक माणूस, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. खोलीत सूर एकही नाही, नुसती पट्ट्यांची टकटक. खरा लाकडी पियानो कोपऱ्यात कापड पांघरून झोपलेला होता. शिकवणारी पस्तिशीची, तिला सगळे मिस म्हणायचे. ती प्रत्येकामागं जाऊन आपल्या हेडफोनची पिन त्याच्या पियानोत खुपसायची, त्याच्या चुका एकटी ऐकायची आणि हळूच कानात सांगायची.

अण्णांनी हेडफोन हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. "म्हणजे वाजवायचं आणि कुणी ऐकायचं नाही?"

"अंकल, सुरुवातीला मिस्टेक्स होतात ना," मिस म्हणाली. मराठी तिचं दादरचंच, अर्ध्या वाक्यात रूळ बदलणारं. "कुणाला ऐकू नाही गेलं की टेन्शन नाही."

"चूक चारचौघांनी ऐकली नाही तर ती सुधारायची कशाला?"

मिस हसली. आमच्या पुढच्या स्टुलावरच्या बाईही हसल्या आणि वळून म्हणाल्या, "माझ्या तर इतक्या आहेत, तुम्हालाही देते थोड्या." या शीवच्या. साठीच्या आसपास, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. मुलगा परदेशी गेला, त्याचा कीबोर्ड घरी धूळ खात होता, म्हणून शिकायला आल्या. हेडफोन लावला की आपण मोठ्यानं मोजतोय याचं त्यांना भान राहायचं नाही. सगळ्या वर्गाला त्यांचं "वन टू थ्री फोर" ऐकू यायचं, आणि फोर नेहमी थोडा उशिरा.

अण्णांचं माझ्यापेक्षा बरं चाललं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. मिसनं मधली पट्टी दाखवून सांगितलं, हा मिडल सी. अण्णा म्हणाले, आमच्या पेटीत ही पांढरी एक. तिथवर ठीक होतं. पण पेटीवर त्यांची बोटं सपाट पडायची आणि करंगळी कधी कामाला लागायची नाही. मिस त्यांचा हात उचलून बोटं गोल करायची. "संत्रं धरलंय असं समजा, अंकल." अण्णा संत्रं धरायचे, ओळ सुरू झाली की संत्रं निसटायचं. "जन्मभर करंगळीला सुट्टी दिली," ते मला म्हणाले. "आता मी रिटायर झाल्यावर तिला ड्युटीवर बोलावताय." पण चेष्टा करत होते म्हणजे मन लागत होतं. मिसनं टकटक करणारं तालाचं यंत्र लावलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा ढोलकीवाला बरा. मध्येच चहा मागत नाही."

दोन-तीन शनिवार असे बरे गेले. मग मिस म्हणाली, "आता लेफ्ट हँड."

सगळ्यांनी डावे हात पट्ट्यांवर ठेवले. अण्णांनी उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाशी धरला, उचलला आणि पियानोवर नेऊन ठेवला. अर्धी मिटलेली मूठ चार-पाच पट्ट्यांवर एकदम पडली. मला काही ऐकू आलं नाही, हेडफोन त्यांच्या कानावर होते. मला फक्त त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवले, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि वर्ग संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसले. मला रडायला येत होतं. मी सी डी ई एफ जी, सी डी ई एफ जी करत राहिले.

टॅक्सीत ते म्हणाले, "पियानोला दोन हात लागतात, हे तुला ठाऊक नव्हतं?"

खरंच नव्हतं. म्हणजे असं कसं म्हणू, पाहिलं होतं की टीव्हीवर. पण भाता नाही एवढंच बघून मी त्यांच्यासाठी वाद्य ठरवलं होतं. पेटीला निदान डाव्या हाताला सूर तरी शोधावे लागत नाहीत. मी त्यांना आगीतून काढून फुफाट्यात बसवलं होतं. "नव्हतं ठाऊक," मी म्हटलं. हिंदमातापाशी सिग्नलला ते म्हणाले, "पेटीचं सांगितलंय ते लक्षात आहे ना?"

पुढच्या शनिवारी मी एकटी जायच्या तयारीनं साडी नेसले. बाहेर येऊन बघते तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे.

"तुम्ही येताय?"

"त्या शीवच्या बाई ताल सोडतात," ते वैतागून म्हणाले. "चौथ्या मात्रेला दर वेळी लंगडतात. आठवडाभर डोक्यात तेच बसलंय."

"हेडफोन असतात की त्यांना."

"टकटक ऐकू येते ना!"

ही मिस मला आवडायची ती अशासाठी, की तिला कुणाची कीव यायची नाही. तिनं अण्णांना सांत्वनाचं काही सांगितलं नाही. तिनं कोपऱ्यातल्या खऱ्या पियानोवरचं कापड काढलं, त्याच्यापुढं लांब बाकडं ठेवलं आणि अण्णांना उजवीकडे, शीवच्या बाईंना डावीकडे बसवलं. "अंकल राइट हँड, आंटी लेफ्ट. एका माणसासारखं वाजवायचं. हेडफोन नाही. आम्ही सगळे ऐकणार."

एका माणसासारखं कसलं! पहिल्या दिवशी नुसती भांडणं झाली. "बाई, घाई काय, लग्न गाठायचंय का?" "अहो, तुम्ही थांबलात तिथं कागदावर थांबायचं कुठं लिहिलंय?" "कागदाला काय कळतं?" मिस हाताची घडी घालून बघत होती, तिनं एकालाही गप्प केलं नाही. दोन आठवड्यांनी नवशिक्यांची धून अण्णांनीच मोडीत काढली आणि पार्टी बारशाला म्हणायची तो पाळणा वाजवायला घेतला. बाईंना डाव्या हाताला दोनच सूर दिले, एक ओळीच्या सुरुवातीला, एक शेवटी. "मधे काही करायचं नाही. नुसतं ऐकायचं," त्यांनी दटावून सांगितलं. बाई खरंच ऐकायला लागल्या. चौथी मात्रा लंगडायची थांबली. वर्गातली कॉलेजची पोरं आपापले हेडफोन गळ्यात उतरवून ऐकत बसायची, आणि ती बसली की अण्णांची मान जरा ताठ व्हायची. मी ते बघत बसायचे. माझ्या स्वतःच्या प्रगतीबद्दल न बोललेलं बरं.

अशाच एका शनिवारी मला ते दिसलं. अण्णा पाळणा वाजवत होते. डावा हात खिशातून कधी बाहेर आला होता कोण जाणे, मांडीवर पडला होता. आणि तो हलत होता. बोटं किंचित उघडायची, पंजा पुढं सरकायचा, परत यायचा. पुढं, परत. मध्येच थांबायचा, मग पुन्हा पुढं.

"अहो अण्णा," बाई ओरडल्या, "हात बघा तुमचा!"

अण्णांनी खाली पाहिलं. हात थांबला. पाळणाही थांबला.

"ते पहिल्यापासून करतात," मिस म्हणाली. "मला वाटलं, थरथरतो. अंकल, लेफ्ट हँड रिलॅक्स ठेवा, पियानोला तसं काही लागत नाही."

थरथर नव्हती ती. लहानपणापासून मी तो हात बघत आले होते. अण्णा पियानोचा भाता भरत होते. ज्या हाताला बॉल दाबता येत नव्हता, चहाचा कप धरता येत नव्हता, तो हात नसलेला भाता हलवत होता, आणि त्याच्या मालकाला पत्ता नव्हता.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, झालं! हात आला! घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता मी दिवाणाखालून पेटी ओढली, लुगडं सोडलं, पेटी त्यांच्यापुढं ठेवली. अण्णांनाही क्षणभर वाटलं असावं, कारण ते लगेच बसले. हात भात्यावर ठेवला. बघत राहिले त्याच्याकडे. हात हलला नाही. मग नजर दुसरीकडे वळवून वाजवायला गेले, तेव्हा हलला, पण भाता जागचा ढळेना, पंजा त्यावरून नुसता घसरला. वाऱ्याला ढकलायला जेवढी ताकद लागते तेवढीच त्यात होती. फिजिओथेरपीवाल्याला तिथूनच फोन लावून विचारलं तर तोही म्हणाला, "ताई, हालचाल आहे, पण ताकदीची आशा धरू नका."

"झालं का समाधान?" अण्णा म्हणाले. मी लुगड्याच्या गाठी मारत होते, एक नीट बसेना. "विहारातल्या पोरांना फोन कर. जयंतीच्या आदल्या आठवड्यात येऊन घेऊन जा म्हणावं."

मी फोन केला. काय करणार होते?

ते दोघं आले तो शनिवारच होता, आम्ही क्लासहून येऊन चहा टाकला होता. पोरं म्हणजे अण्णांच्या लेखी पोरं, दोघंही पन्नाशीला आलेले. एक कुरियरचं काम बघतो, एक पोस्टात आहे. दोघांचीही नावं अण्णांच्या पेटीवरच ठेवलेली. दारातूनच त्यांनी "जय भीम, मास्तर" केलं आणि दिवाणाच्या कडेला अवघडून बसले. पेटी न्यायला आलेत की मयताला, असे चेहरे. चहा झाला. बशा उचलायला मी बराच वेळ लावला.

"न्यायची ना मग?" कुरियरवाला हळूच म्हणाला.

"अशी बांधलेली नाही देणार," अण्णा म्हणाले. "वाद्य देताना सूर दाखवून द्यायचा असतो. उद्या म्हणाल मास्तरांनी फुटका डबा दिला." मग माझ्याकडे वळून, "बस मागं. भर."

मी त्यांच्या डाव्या बाजूला फरशीवर बसले आणि भाता भरला. अण्णा एकेक पट्टी दाबत गेले. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. यात काही कठीण नव्हतं, एकेका सुराला हवा हवी असते तेवढीच. पेटी इतकी वर्षं बंद राहूनही सुरात होती. शेवटच्या पट्टीपर्यंत गेले. आता बंद करतील म्हणून मी हात सैल केला.

बंद केली नाही. त्यांची बोटं परत खाली आली आणि पाळण्यावर गेली.

मी घाबरून भाता ढकलला, आणि व्हायचं तेच झालं. पेटी भोकाड पसरून रडली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या ओळीला घसा बसला. आता थांबतील, झाकण पडेल, ही दोघं पेटी उचलतील, लिफ्टचं दार लागेल. मला पेटीकडे बघवेना म्हणून मी मान खाली घातली, तर समोर त्यांची मांडी होती आणि मांडीवर तो हात.

तो भाता भरत होता. त्याचा तो, अगदी बिनबोभाट. पंजा पुढं गेला आणि मी ढकलला. पंजा थांबला आणि मी थांबले. मला जिथं ढकलावंसं वाटत होतं तिथं तो थांबायचा, आणि ओळ संपली असं मी धरून चालले असताना हळूच पुढं सरकायचा. शब्द कुठं संपतो ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते तिथं मांडीवर सगळं दाखवून ठेवलं होतं. मी पेटीकडे बघणं सोडलं. ऐकणंही सोडलं. नुसती त्या हाताच्या मागं मागं गेले.

पेटी रडायची थांबली. पाळणा पहिल्यापासून सुरू झाला, पूर्वीसारखा दणक्यात नाही, संथ, पण सलग. पोस्टातल्यानं मांडीवर ठेका धरला. कुरियरवाला उठला आणि त्यानं काय करावं, तर घराचं दार सताड उघडलं. जिन्याच्या जागेत पाळणा घुमायला लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात निवडायची मेथी. त्यांच्यामागं कुत्रा. एवढ्या वर्षांत आमच्यात "लिफ्ट येतेय का" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

पाळणा संपला. शेवटचा सूर थोडा लांबला, कारण हात तसा लांबला.

अण्णांनी खाली पाहिलं, मांडीवरच्या हाताकडे. तो थांबला. त्यांनी भात्यावरच्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"कुठं बघत होतीस तू?"

"तुमच्या हाताकडे."

तोंड फिरवून त्यांनी उजव्या हाताच्या पालथ्या पंजानं डोळे पुसले, चष्म्याच्या खालून, अर्धवट. माझे तर केव्हाचे वाहत होते.

"मास्तर," कुरियरवाला चाचरत म्हणाला, "मग पेटी..."

"जयंतीला किती वाजता बसायचंय?"

"सात वाजता. वंदना झाली की."

"मग पेटी आम्हीच घेऊन येतो. दोघांना पुरेल एवढी जागा ठेवा. आणि हिला जरा गादी द्या, फरशीवर बसून गुडघे धरतात तिचे." मेथीवाल्या बाई अजून दारातच होत्या. त्यांच्याकडे बघून अण्णांनी मान हलवली, पूर्वी गॅलरीतल्या माणसांकडे बघून हलवायचे तशी.

मी डोळे पुसून भाता परत हातात धरला. अण्णांनी उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाशी पकडला, उचलला आणि माझ्या बाजूच्या गुडघ्यावर, उजेडात आणून ठेवला.

"इथं ठेवला तर नीट दिसेल ना तुला?"